सिंहस्थ पावसाळ्यात आहे. आपत्तीतले बिनतारी जाळे नाशिकमध्येच बांधता येईल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या आपल्या दैनिकात मी नियमित वाचतो. घाटांची कामे, रस्त्यांचे रुंदीकरण, साधुग्रामची जागा, वाहनतळ, सीसीटीव्ही आणि नियंत्रण कक्ष या विषयांवर बरेच छापून येते आणि ते योग्यच आहे. परंतु पर्वणीच्या दिवशी मोबाइल बंद पडले, तर रामकुंडावरच्या स्वयंसेवकाने रुग्णवाहिका कशी बोलवायची, याला त्या बातम्यांत जागा मिळालेली दिसली नाही. पोलिसांची स्वतःची बिनतारी यंत्रणा आहे आणि ती चालतेही चांगली. पण ती पोलिसांसाठी आहे. तलाठी, आशा सेविका, जीवरक्षक, मंडळांचे कार्यकर्ते, अन्नछत्र चालवणाऱ्या संस्था यांच्यापाशी खिशातल्या फोनखेरीज दुसरे काहीच नसते. ही उणीव हौशी रेडिओच्या, म्हणजे सरकारी परवाना घेऊन नागरिक छंद म्हणून बिनतारी संच चालवतात आणि सर्वजण ज्याला हॅम रेडिओ म्हणून ओळखतात त्याच्या, साह्याने थोड्या पैशांत आणि बव्हंशी नाशिकमध्येच तयार केलेल्या साधनांनी भरून काढता येईल, असे माझे मत आहे आणि त्यासाठीच हा पत्रप्रपंच.

हरिद्वार, प्रयाग आणि उज्जैन येथील कुंभमेळे हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात भरतात. आपला मात्र ऐन पावसाळ्यात. पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे, दुसरे ३१ ऑगस्टला आणि तिसरे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. गोदावरीला २०१६ आणि २०१९ साली जे मोठे पूर आले, ते दोन्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातले होते. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की सराफ बाजारातली दुकाने रिकामी व्हायला लागतात, हे नाशिककरांना सांगायला नको. दुसरीकडे, २००३च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला पंचवटीतल्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविकांचा जीव गेला. पाणी आणि गर्दी हे दोन्ही धोके येथे एकाच महिन्यात, एकाच नदीच्या काठावर येतात, आणि दोन्ही प्रसंगी निरोप पाच मिनिटांत पोहोचला की अर्ध्या तासात, यावर बरेच काही अवलंबून असते.

मोबाइलचे जाळे दोन निरनिराळ्या कारणांनी कोलमडते आणि त्यांची गल्लत करून चालत नाही. गर्दीत मनोरा शाबूत असतो, फक्त त्याला एका वेळी पेलवतील त्याहून कितीतरी अधिक फोन त्याच्याकडे जागा मागत असतात. त्यावर जादा फिरते मनोरे हा उपाय आहे आणि कंपन्या तो करतातही. पुरात मात्र वीज जाते, मनोऱ्याच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात, जनरेटरला डिझेल पोहोचवणारा रस्ता पाण्याखाली असतो आणि मनोऱ्यांना जोडणारी फायबर केबल ज्या पुलावरून गेलेली असते, तो पूलच बंद असतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले तेव्हा तेथील लोकांचा बाहेरच्या जगाशी संपर्क असाच तुटला होता. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, ते बाहेर कळले एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या रस्त्याने बस घेऊन तो गेला आणि त्याला गावच दिसेना. पेठ, सुरगाणा, इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या कितीतरी वाड्या-पाड्यांवर आजही फोन लावायचा तर एखाद्या ठरलेल्या टेकाडावर जावे लागते. तिथे दरड कोसळली तर आपल्यालाही बसच्या चालकाचीच वाट पाहावी लागेल.

हॅम मंडळींनी अशा वेळी काय केले आहे, याचे दाखले आपल्याच देशात आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या आणि २६ जानेवारी २००१च्या भुजच्या भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाचे काम केले. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओचे पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली दुसऱ्याच कामासाठी पोर्ट ब्लेअरला मुक्कामी होते. अंदमानचे दूरध्वनी बंद पडल्यावर त्यांच्याच संचांवरून खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर येऊ लागले. पश्चिम बंगालमधले हॅम गंगासागर मेळ्यात चुकलेल्या यात्रेकरूंना त्यांच्या घरच्यांशी जोडून देण्याचे काम वर्षानुवर्षे करीत आले आहेत. आपल्या मेळ्यात हरवलेल्यांची संख्या काही कमी नसते.

आता पैशांकडे वळतो, कारण अशा विषयावर चर्चा सुरू झाली की ती हटकून खरेदीकडे जाते. निविदा निघते, चकचकीत वॉकीटॉकी येतात, उद्घाटनाचा फोटो छापून येतो आणि संच कपाटात जातात. अशा एका कपाटाचे दार माझ्यासमोर उघडले गेले आहे. कार्यालयाचे नाव सांगत नाही. पण आतल्या एकाही संचाची बॅटरी जिवंत नव्हती आणि चार्जरची चावी कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. आपत्तीच्या साधनांत संचाची किंमत ही सर्वांत कमी अडचणीची बाब आहे. अँटेना, केबल, बॅटरी, उंचावरची जागा आणि बोलायची सवय असलेला माणूस या पाच गोष्टींवर सगळा खेळ असतो, आणि यांपैकी पहिल्या तीन गोष्टी आयटीआयच्या पोरांना वर्कशॉपमध्ये तयार करता येतात. ज्याने वस्तू स्वतः बांधली आहे, त्याला ती पावसात बंद पडल्यावर कुठे बोट ठेवायचे हे कळते. विकत घेतलेल्या बंद डब्याबाबत तसे होत नाही.

अँटेनाचे उदाहरण जरा तपशिलाने देतो. शहरातल्या कामासाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा, ज्याला आम्ही टू मीटर म्हणतो, तो सर्वांत सोयीचा. या लहरींसाठी पाव लहरलांबीची काडी भरते सुमारे ४९ सेंटिमीटर. वायरिंगमधली जाड तांब्याची तार सोलून तिचे एवढ्याच लांबीचे पाच तुकडे केले, एक केबल जोडायच्या सॉकेटच्या मधल्या पिनेला सरळ उभा जोडला आणि चार तुकडे सॉकेटच्या चार कोपऱ्यांना बसवून खाली तिरपे वाकवले, की ग्राउंड प्लेन अँटेना तयार झाली. हँडसेटबरोबर येणाऱ्या बोटभर रबरी अँटेनापेक्षा ती गच्चीवर लावल्यावर कितीतरी सरस ठरते. याहून गमतीची आहे ती स्टीलच्या मोजपट्टीची यागी, म्हणजे एकाच दिशेला जोर देणारी अँटेना. सुताराकडे असते ती गुंडाळीची टेप घ्यायची आणि तिचे सुमारे १०५, ९० आणि ८९ सेंटिमीटरचे तीन भाग कापायचे. मधला ९० सेंटिमीटरचा भाग बरोबर मध्यावर तोडून त्याचे दोन अर्धे करायचे. केबल जोडायची ती या दोन अर्ध्यांना. तिन्ही भाग पीव्हीसी पाइपच्या आडव्या सांगाड्यावर क्लॅम्पने आवळायचे, मागच्या आणि मधल्या भागात वीस सेंटिमीटर, मधल्या आणि पुढच्या भागात बत्तीस सेंटिमीटर अंतर ठेवायचे. दोन अर्ध्यांना जोडणारी इंग्रजी यू आकाराची एक छोटी तार लावली की जुळणी नीट होते. पट्टीवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने पूर्ण खरवडून आधी टिनिंग केल्याशिवाय, म्हणजे सोल्डरचा पातळ थर दिल्याशिवाय, सोल्डर धरत नाही. नवख्यांची बहुतेक रड तिथेच असते. साहित्याचा खर्च तीनशे रुपयांच्या आतबाहेर. अँटेना ज्या दिशेला रोखाल, तिकडे पाच वॅटच्या संचाचा जोर साधारण तिप्पट-चौपट वाटतो, आणि स्टीलच्या पट्ट्या लवचीक असल्याने झाडीत अडकल्या तरी मोडत नाहीत. दुमडून पिशवीत घालून एसटीने नेता येते, हा आणखी एक फायदा.

केबलकडे लोक दुर्लक्ष करतात. बाजारात सहज मिळणाऱ्या बारीक आरजी-५८ केबलच्या वीस मीटर लांबीत या पट्ट्यावर निम्म्याहून अधिक शक्ती गरम होऊन वाया जाते. त्याऐवजी डिश टीव्हीसाठी येणारी आरजी-६ केबल वापरली, तर ती संचाला साजेशा पन्नासऐवजी पंच्याहत्तर ओहमची असूनही नुकसान तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहते, आणि ती गल्लीतल्या केबलवाल्याकडे मिळते. तिची बाहेरची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते, त्यामुळे तिला सोल्डर करण्याचा हट्ट धरू नये. पिळून बसवायचा एफ कनेक्टर वापरावा आणि सांध्यावर पाणी शिरू नये म्हणून सेल्फ अमाल्गमेटिंग (ताणली की स्वतःलाच चिकटणारी) टेप, ती नसल्यास सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी.

वीजपुरवठ्याच्या बाबतीत आपला जिल्हा नशीबवान आहे. निफाड, दिंडोरी, चांदवड या द्राक्षपट्ट्यात पाठीवरचा बॅटरीवाला फवारणी पंप घरोघरी आढळतो. त्यात बारा व्होल्टची, साधारण आठ अँपिअर-अवरची बॅटरी असते. समजा, संच ऐकताना पाव अँपिअर आणि बोलताना दोन अँपिअर घेतो आणि दर दहा मिनिटांत एक मिनिट बोलणे होते. तर सरासरी अर्ध्या अँपिअरच्याही खाली येते, आणि बॅटरी निम्म्यापेक्षा अधिक उतरवायची नाही असे ठरवले तरी एका पंपावर नऊ तास निभावतात. घरातल्या यूपीएसची बॅटरीही चालते. अट एवढीच की तारेत पाच अँपिअरचा फ्यूज असावा आणि सगळ्या संचांना एकाच जातीचा प्लग असावा. हे दुसरे फार महत्त्वाचे आहे. आपत्तीच्या रात्री बॅटरी आहे, संच आहे, पण प्लग वेगळा म्हणून काम अडले, हा प्रकार जितका हास्यास्पद तितकाच सर्रास घडणारा आहे.

टू मीटरच्या लहरी सरळ जातात. त्यांचे क्षितिज किलोमीटरमध्ये काढायचे तर अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ने गुणावे. डोक्याच्या उंचीवरच्या हँडसेटला जेमतेम पाच किलोमीटर मिळतात, आणि जुन्या नाशिकच्या गल्ल्यांत इमारती मध्ये आल्याने त्याचेही दोन-तीनच उरतात. पंचवीस मीटर उंच इमारतीच्या गच्चीला वीस किलोमीटर मिळतात. म्हणून नदीकाठच्या खोलगट भागातून बोलणाऱ्याचा आवाज पाथर्डी फाट्यापर्यंत थेट जाईल अशी आशा धरू नये. त्यावर रिपीटर, म्हणजे ऐकलेला आवाज आपोआप पुढे पाठवणारे यंत्र, हा रूढ उपाय आहे, पण रिपीटर एकाच वेळी एका लहरीवर ऐकतो आणि अवघ्या सहाशे किलोहर्ट्झ बाजूच्या लहरीवर बोलतो, त्यामुळे त्याला महागडे फिल्टर लागतात, परवानगी वेगळी लागते आणि तो बिघडला तर सगळेच मुके होतात. माझ्या मते सुरुवातीला माणूसच रिपीटर म्हणून वापरावा: एका उंच गच्चीवर आणि पांडवलेणीच्या डोंगरावर एकेक अनुभवी चालक बसवायचा, त्याने खालून आलेला निरोप शब्दशः पुढे सांगायचा. वेळ दुप्पट लागतो, खर्च शून्य.

डोंगरापलीकडच्या तालुक्यांसाठी हा मार्ग उपयोगाचा नाही. तेथे सात मेगाहर्ट्झचा पट्टा लागतो आणि त्याची खुबी अशी की अँटेना मुद्दाम बुटकी ठेवायची. प्रत्येक बाजूला सुमारे दहा मीटर अशी दोन तारांची डायपोल जमिनीपासून चार-पाच मीटरवर, दोन झाडांच्या मध्ये बांधली की लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबरावरून (वातावरणाच्या उंचावरच्या विद्युतभारित थरावरून) परततात आणि तीनशे किलोमीटरच्या परिघात छत्रीसारख्या उतरतात. मध्ये सप्तशृंगीचा डोंगर येवो की साल्हेर, त्यांना फरक पडत नाही. दिवसा हे उत्तम चालते. रात्री बहुधा साडेतीन मेगाहर्ट्झवर यावे लागते आणि तारेची लांबी दुप्पट होते. सुरगाण्याच्या शाळेच्या आवारातून नाशिकच्या जिल्हाधिकारी कार्यालयाशी मोबाइल, इंटरनेट किंवा उपग्रह यांपैकी काहीही न वापरता बोलणे त्यामुळे शक्य होते.

या पट्ट्यासाठी लागणारा संच घरी बांधता येतो आणि त्याचा जगभर गाजलेला नमुना भारतीय आहे. हैदराबादचे अशर फरहान यांनी बिटएक्स नावाचा सहा वॅटचा संच अशा रीतीने आखला की त्याचे भाग आपल्याकडच्या साध्या दुकानांत मिळावेत. कॉइल गुंडाळायला टोरॉइड (कड्याच्या आकाराचे चुंबकीय गाभे) मिळत नसतील तर नळाचे वॉशर वापरा, असे त्यांनी सुचवले होते. फिल्टरला संगणकात वापरतात ते दहा मेगाहर्ट्झचे क्रिस्टल, आणि शेवटच्या टप्प्याला आयआरएफ-५१० हा मुळात स्विचिंगसाठी बनवलेला स्वस्त मॉस्फेट ट्रान्झिस्टर. त्यातली एकेक पायरी दोन्ही दिशांनी काम करते, म्हणजे ऐकताना आणि बोलताना तोच ॲम्प्लिफायर, तोच फिल्टर; भाग त्यामुळे निम्मे होतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एक फेरी मारली की बरेचसे साहित्य मिळते. टू मीटरचा हँडसेट मात्र घरी बांधण्याच्या भानगडीत पडू नये. तयार संच इतके स्वस्त झाले आहेत की ते श्रम फुकट जातात.

कायद्याबद्दल थोडेसे, कारण येथे गैरसमज फार आहेत. हौशी रेडिओसाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षांपुढील कोणालाही ती देता येते. दोन श्रेणींपैकी खालच्या श्रेणीला मोर्स येण्याची गरज नाही. परवान्याशिवाय प्रसारण करणे गुन्हा आहे, आणि ऑनलाइन मिळतात म्हणून मागवलेले वॉकीटॉकी आपोआप कायदेशीर होत नाहीत. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारांना याविषयी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली, ती यासाठीच. ४४६ मेगाहर्ट्झच्या आसपासचे अर्ध्या वॅटपर्यंतचे मान्यताप्राप्त संच मात्र विनापरवाना वापरता येतात. एका घाटावरच्या दहा-पंधरा स्वयंसेवकांना आपसांत बोलायला ते पुरेसे आहेत, आणि त्यांच्यातल्या एका परवानाधारकाने पुढचा दुवा सांभाळावा. ज्या विद्यार्थ्यांकडे अद्याप परवाना नाही, त्यांनीही अँटेना, बॅटरीचे डबे आणि डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडायचा भार) बांधायला हरकत नाही. एक हजार ओहमचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की पन्नास ओहमचा डमी लोड होतो आणि परवानाधारक शिक्षकाला त्यावर संचाची चाचणी हवेत काहीही न सोडता घेता येते.

सुरक्षेचा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मेळ्यात अफवा हेच मोठे संकट असते. मग नागरिकांच्या हाती रेडिओ कशाला, असे अधिकारी विचारतात. याचे उत्तर असे की हौशी रेडिओवर गुप्त भाषा चालत नाही, प्रत्येकाने आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची ओळखखूण, सांगूनच बोलायचे असते आणि नोंद ठेवायची असते. निनावी फॉरवर्डपेक्षा हे माध्यम कितीतरी अधिक जबाबदार आहे. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. जे बोलाल ते कोणीही ऐकू शकतो. म्हणून मृतांची नावे, रुग्णांचे आजार, व्हीआयपींच्या हालचाली या गोष्टी हवेत कधीही सांगायच्या नाहीत. पोलिसांच्या वायरलेसची जागा या जाळ्याने घ्यावी, असेही माझे म्हणणे नाही.

खरी उणीव आहे ती सरावाची. सराव नसलेला चालक मदत कमी आणि गोंधळ अधिक करतो. बटण दाबताक्षणी बोलू लागतो आणि पहिला शब्द कापला जातो, दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलतो, किंवा निरोप आठवून सांगतो, लिहून नव्हे. निरोप कागदावर हवा: कोणाकडून, कोणाला, वेळ, ठिकाण, काय हवे, किती हवे. आकडे सुटे सुटे सांगायला हवेत. संचाच्या खरखराटात एकसष्ट आणि एकाहत्तर, एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक कानाला पकडता येत नाही. "सहा, एक" म्हटले की शंका राहत नाही. गावाबरोबर तालुका सांगायला हवा, कारण या जिल्ह्यात नुसते पिंपळगाव म्हटले तर रुग्णवाहिका बसवंतला जायची की बहुल्याला, हे चालकाने कसे ओळखावे? आणि सर्वांना एका केंद्राने क्रमाने बोलवायचे, ज्याला आम्ही नेट म्हणतो, ती शिस्त तर कागदावर शिकताच येत नाही.

सरावासाठी आपल्याकडे एक उत्तम प्रसंग दरवर्षी आपणहून येतो, तो म्हणजे श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी. त्या रात्री आणि पहाटे हजारो भाविक पावसात, चिखलात, अंधारात डोंगराला प्रदक्षिणा घालतात. वाटेतल्या बऱ्याच टप्प्यांत फोनला रेंज नसते. पाय मुरगळणे, दम लागणे, मूल चुकणे हे प्रकार होतच असतात. सिंहस्थाआधीच्या श्रावणात त्या वाटेवर चार-पाच ठिकाणी हॅम चालक बसवले, त्र्यंबकेश्वरच्या रुग्णालयाशी एक आणि नाशिकशी सात मेगाहर्ट्झवर एक दुवा ठेवला, तर कोणत्या वळणावर आवाज तुटतो, कोणाची बॅटरी पहाटे चारला संपते, कोणता सांधा पाण्याने फुगतो हे सगळे आधीच कळेल. नियंत्रण कक्षात बसून केलेल्या मॉक ड्रिलमध्ये यातले काहीच कळत नाही, कारण तेथे दिवे चालू असतात आणि पाऊस खिडकीबाहेर असतो.

प्रशासनाकडे मागणे फार नाही. महापालिकेने नदीच्या दोन्ही काठांवरच्या आपल्या उंच इमारतींच्या गच्चीवर एक पाइप रोवण्याची आणि एक केबल खाली आणण्याची परवानगी द्यावी. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपदा मित्र म्हणून प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी इच्छुकांना या परीक्षेला बसवावे आणि मुंबईला हेलपाटे मारण्याऐवजी नाशिकमध्येच परीक्षेचे एक सत्र घ्यावे, अशी विनंती दूरसंचार विभागाला करावी. परीक्षा झाल्यावर परवाना हातात पडेपर्यंत पडताळणीत महिने जातात. ऑगस्ट २०२७ साठी २०२७च्या जूनमध्ये धावपळ करून उपयोग होणार नाही. नियंत्रण कक्षात एक टेबल, एक खुर्ची आणि गच्चीपर्यंत गेलेली केबल या जाळ्यासाठी राखून ठेवावी. पूर ओसरेपर्यंत आमच्यापैकी कोणी ना कोणी तेथे पाळीपाळीने बसेल.

शहरातल्या आयटीआय, तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांना मात्र प्रशासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या संस्थेला दोन रविवार वर्कशॉप उघडे ठेवता येईल, तिने आपल्या दैनिकामार्फत कळवावे. आम्ही काही परवानाधारक एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाची जुळणी मोजणारे उपकरण), क्रिम्पिंगचे पकड आणि बांधलेले नमुने घेऊन विनामूल्य येऊ. संस्थेकडून फक्त सोल्डरिंगच्या जागा, ड्रिल मशीन आणि गच्चीची किल्ली लागेल. विद्यार्थ्यांनी येताना घरातले बंद पडलेले यूपीएस आणावेत. बॅटरी बाद झालेली असली तरी त्यातला ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, रिले आणि फ्यूजचे होल्डर कामी येतात.

आपला,
एक परवानाधारक हौशी रेडिओचालक,
गंगापूर रोड, नाशिक